किती परस पाणी

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी मला फार बरे वाटत होते, आणि अशा सकाळींचीच मला सर्वांत जास्त भीती वाटते. डोके हलके होते, पाय स्वतःचे वाटत होते, चहासुद्धा मी खुर्ची न ओढता ओट्याशी उभ्याने केला होता. समोर फडताळातले चौदा डबे दिसत होते. गौरी-गणपतीनंतर त्यांना कोणी हात लावला नव्हता आणि दसऱ्याच्या आत ते घासून, वाळवून, पुन्हा भरून ठेवावेत असे मला अगदी मनापासून वाटत होते. मी मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावला, सिंकपाशी उंच स्टुलावर बसले आणि डबे घासायला घेतले. गजर वाजला तेव्हा तीन डबे झाले होते, चौथ्याला साबण लागलेला होता, आणि अंगात थकव्याचा मागमूसही नव्हता. तो चौथा डबा फेसासकट तसाच ठेवून मी हात पुसले, खोलीत जाऊन पडदा ओढला आणि डोळ्यांवर ओढणी टाकून अर्धा तास पडून राहिले.

हे पाहणाऱ्याला आळस वाटेल, किंवा विचित्रपणा तरी वाटेल. ज्या घरात हाती घेतलेले काम तडीस नेल्याशिवाय उठू नये असे शिकवले जाते त्या घरात मी वाढले, त्यामुळे मलाही तो बरीच वर्षे तसाच वाटत असे. साबण लागलेला डबा सोडून उठता यायला माझी जवळजवळ चार वर्षे गेली आहेत.

माझ्या आजाराला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस आणि क्रॉनिक फटीग सिंड्रोम अशी दोन नावे आहेत. पहिले नाव मला स्वतःलाही एका दमात म्हणता येत नाही, आणि दुसरे उच्चारले की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "हो ना, मलाही हल्ली फार थकायला होतं." त्यात त्याचा दोष नाही, दोष नावाचाच आहे. १९५५ च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी मिळून जवळजवळ तीनशे जण एका अनाकलनीय आजाराने पडले आणि रुग्णालय ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावे लागले. पहिले नाव त्यानंतर प्रचारात आले. पुढे १९७० मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी त्या रुग्णांना न भेटता, केवळ जुनी कागदपत्रे चाळून, तो सामूहिक उन्मादाचा प्रकार असल्याचे लिहिले, कारण आजारी पडलेल्यांत बायकांचा भरणा होता. अमेरिकेत १९८८ मध्ये दुसरे नाव ठरले आणि एका गंभीर आजाराच्या कपाळावर 'थकवा' हा शब्द कायमचा चिकटला. क्षयरोगाला 'दीर्घकालीन खोकला' म्हणावे तसे हे झाले.

खरे तर दमणे हे या आजाराचे वेगळेपण नव्हेच. झेपेल त्यापेक्षा थोडेसे जास्त केले, मग ते जिना चढणे असो, तासभर फोनवर बोलणे असो किंवा हिशेबाचे काम असो, की सगळी लक्षणे उसळून वर येतात. आणि ती त्याच वेळी येत नाहीत. बारा तासांनी, चोवीस तासांनी, माझ्या बाबतीत बहुधा तिसऱ्या दिवशी सकाळी येतात. घसा धरतो, मानेतल्या गाठी दुखू लागतात, खिडकीतला उजेड डोळ्यांत टोचतो, रोजच्या वापरातला शब्द तोंडाशी येऊन परत जातो, आणि नऊ तास झोपूनही रात्रभर गिरणीत उभे राहून पाळी केल्यासारखे अंग लागते. डॉक्टर याला पोस्ट-एक्झर्शनल मलेझ म्हणतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने जो मोठा अहवाल काढला, त्यात निदानासाठी ही गोष्ट असलीच पाहिजे असे म्हटले आहे. एरवीच्या दमण्यात शरीर त्याच वेळी सांगते, की बस, आता थांब. माझे शरीर दोन दिवसांनी सांगते, आणि तोवर मी आणखी दोन दिवसांची कामे करून बसलेली असते.

हे सगळे सुरू झाले सप्टेंबर २०१७ मधल्या डेंग्यूने. ताप आठवड्यात उतरला, प्लेटलेट वाढल्या, पपईच्या पानांचा रस पाजणारे शेजारी आपापल्या घरी गेले, आणि मी मात्र बरी झाले नाही. तेव्हा मी पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधनाचे काम करत होते. ज्या डोळ्यांना चुकलेली वेलांटी पान उघडताच दिसायची, त्या डोळ्यांसमोरून ओळीच्या ओळी नुसत्या सरकून जाऊ लागल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-बारा, डी, साखर, छातीचा फोटो असे सगळे झाले. सगळे व्यवस्थित. "रिपोर्ट नॉर्मल आहेत" या वाक्याने आपल्याकडे घरभर आनंद पसरतो. मला ते वाक्य ऐकून दवाखान्याच्या बाकावर रडू आले होते, कारण त्याचा पुढचा भाग कोणी न बोलताही ऐकू येत होता.

एका डॉक्टरांनी चालायला सांगितले. पहिला आठवडा रोज दहा मिनिटे, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवत न्यायची, आणि दमले तरी थांबायचे नाही, कारण स्नायू पडून पडून ढिले झाले आहेत. मी आज्ञाधारक विद्यार्थिनी होते. सहाव्या आठवड्यात पस्तीस मिनिटांवर पोहोचले, वहीत त्याची नोंद करून खाली रेघ ओढली, आणि त्या शनिवारी सकाळी दात घासायला हात वर उचलेना. पुढचे तीन महिने मी अंथरुणात काढले. नवऱ्याने केस विंचरून द्यायचे आणि सासूबाईंनी वरणभात भरवायचा, अशी वेळ वयाच्या सदतिसाव्या वर्षी आली.

त्या डॉक्टरांवर माझा राग होता, तो आता उरलेला नाही. नंतर वाचले तेव्हा कळले, की त्यांनी मनाचे काहीच सांगितले नव्हते. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणारी नाईस नावाची संस्था आहे. तिने २००७ मध्ये सौम्य आणि मध्यम आजाराच्या रुग्णांना टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत न्यावा असेच सांगितले होते, आणि २०११ मध्ये ६४१ रुग्णांवरच्या एका गाजलेल्या चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब केले होते. रुग्णांनी त्या चाचणीच्या मोजमापांवर आक्षेप घेतले, मूळ आकडे मागितले, आणि २०१६ मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर ते मिळाल्यावर पुन्हा हिशेब केला, तर फायदा सांगितला त्यापेक्षा पुष्कळच लहान निघाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये नाईसने आपल्याच सूचना बदलल्या आणि ठरावीक प्रमाणात वाढवत नेण्याचा व्यायाम या रुग्णांना देऊ नये असे स्पष्ट लिहिले. अंथरुणाला खिळलेल्या माणसांनी, दिवसातून वीस-वीस मिनिटे संगणकासमोर बसून, हे घडवून आणले. मला त्या लोकांपुढे हात जोडावेसे वाटतात.

स्नायू ढिले पडले एवढेच कारण असते, तर दोन दिवसांच्या सायकल-चाचणीत जे दिसते ते दिसले नसते. या चाचणीत स्थिर सायकल दमेपर्यंत चालवायला लावतात, प्राणवायू मोजतात, आणि चोवीस तासांनी पुन्हा तेच करतात. बैठे काम करणारा, व्यायामाची सवय नसलेला माणूसही दुसऱ्या दिवशी साधारण पहिल्याइतकेच करतो. या आजाराच्या अनेक रुग्णांचा आकडा दुसऱ्या दिवशी खाली येतो. आम्सटरडॅमच्या संशोधकांनी करोनानंतर याच प्रकारचा त्रास राहिलेल्या २५ जणांच्या मांडीतल्या स्नायूचा तुकडा सायकल चालवण्याआधी आणि चालवल्यानंतरच्या दिवशी काढून तपासला, तेव्हा श्रमानंतर स्नायूंची हानी वाढलेली आणि पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मंदावलेली आढळली. तो लेख २०२४ च्या जानेवारीत आला. मी तो नवऱ्याला वाचून दाखवला आणि पुढचा सबंध दिवस त्याची किंमत मोजली, पण त्या दिवशी माझी तक्रार नव्हती.

तरीही विश्रांती आणि काम यांचा मेळ कसा घालायचा हे मला संशोधकांनी शिकवले असे म्हणता येणार नाही. ते शिकवले आमच्या आप्पांनी, आणि तेही आजाराचे नाव कळण्याच्या आधी.

२०१९ चा मे महिना होता. पुण्यातल्या उकाड्यापेक्षा गावी बरे, म्हणून मला खटाव तालुक्यातल्या आमच्या घरी नेऊन ठेवले होते. त्या भागातला उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. आमची विहीर सात परस, म्हणजे सात पुरुष, खोल आहे आणि मे महिन्यात तिच्यात दीड-दोन परस पाणी राहिले तरी आप्पा देवाला नारळ फोडतात. मी लिंबाच्या सावलीत बाजेवर पडून त्यांचे पाणी देणे पाहत असे. एके दिवशी लाइट आली, त्यांनी मोटार चालू केली, दंडाने पाणी खळाळत गेले, त्यांनी चार वाफ्यांची दारी धरली, आणि पाऊण तासात येऊन मोटार बंद केली. पाचवा वाफा तोंडापाशी कोरडा होता. लाइट अजून पाच तास राहणार होती.

मी विचारले, "आप्पा, पाणी दिसतंय की अजून. बंद का केली?"

"दिसतंय म्हनून उपसायचं नसतं, बाय. फुटबॉल उघडा पडला की मोटार हवा धरती, गाळ वढती. तळ दिसायच्या आत थांबायचं. मग झरा चढतोय."

पाण्यात सोडलेल्या पाइपच्या टोकाशी जो फूटव्हॉल्व्ह असतो त्याला आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात. मी म्हटले, पण लाइट आहे ना आता, उद्या रात्रीची असेल. ते हसले आणि म्हणाले, "लाइट हाय म्हंजी पानी हाय व्हय?"

डिसेंबरमध्ये एका वयस्कर फिजिशियननी पहिल्यांदा आजाराचे नाव घेतले आणि 'पेसिंग', म्हणजे झेपेल तेवढ्यातच काम आणि विश्रांती बसवणे, हा शब्द वापरला, तेव्हा त्यांना बराच वेळ समजावून सांगावे लागेल असे वाटले असणार. मला ते दोन मिनिटांत कळले. इतकी वर्षे मी लाइट म्हणजेच पाणी समजत आले होते. हौस, उत्साह, कामाची ओढ, जिद्द ही सगळी लाइट होती, आणि ती माझ्याकडे भरपूर होती. अनेकांनी मला नैराश्य आहे असे सुचवले, आणि या आजारात कालांतराने नैराश्य येऊ शकतेही. पण नैराश्यात माणसाला काही करावेसेच वाटेनासे होते. मला तर सकाळी डोळे उघडल्यापासून शंभर गोष्टी कराव्याशा वाटत. मोटार चालू करायला मी सदैव तयार असे. तळाशी पाणी किती आहे हे मात्र वाकून पाहत नसे, आणि आटल्यावर स्वतःच्याच इच्छाशक्तीला दोष देत असे.

शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातले लिओनार्ड जेसन यांनी याच गोष्टीला 'एनर्जी एन्व्हलप' म्हटले आहे. हाताशी जेवढी ऊर्जा आहे तिच्या आसपासच खर्च ठेवावा, असा त्याचा अर्थ. मराठीत पाकीट म्हणजे लखोटाही आणि पैशांचे पाकीटही, त्यामुळे हा शब्द आपल्याकडे आपोआपच जास्त समर्पक होतो. तरी पाकिटाच्या कल्पनेत मला एक उणीव दिसते. पाकिटात किती आहे हे उघडून मोजता येते आणि ते रिकामे झाले तरी पाकीट खराब होत नाही. विहिरीत किती आहे ते अंदाजाने ओळखावे लागते, ती आपल्या गतीने भरते, आणि तळापर्यंत उपसली की पुढचे चार दिवस गढूळ राहते.

अंदाज यायला मला एक शाळकरी वही आणि सहा आठवडे लागले. काय केले, किती वेळ, आणि तिसऱ्या दिवशी कसे होते, एवढेच त्यात लिहायचे. तिसऱ्या दिवसाचा रकाना महत्त्वाचा. तो नसता तर मी जन्मभर चुकीच्या कामाला दोष देत राहिले असते. त्या वहीतून जे बाहेर आले त्याने मी चकित झाले. बाजारात जाण्यापेक्षा बाजारातून आल्यावर आंघोळ करणे महाग पडत होते. दहा पोळ्या लाटण्याचे श्रम पोळपाटाशी नव्हते, गॅसपुढे चाळीस मिनिटे उभे राहण्यात होते. या आजारात नुसते उभे राहणे हेच अनेकांना एक काम असते. रक्त पायांकडे उतरते आणि हृदय धावू लागते. मनगटावरच्या घड्याळाने दाखवले, की विश्रांतीत ७२ असणारे माझे ठोके पोळ्या करताना ११८ वर जातात. सकाळच्या विश्रांतीच्या ठोक्यांपेक्षा साधारण १५ ने जास्त, एवढ्या मर्यादेत राहावे असा एक ठोकताळा काही फिजिओथेरपिस्ट सांगतात. तो सर्वांना लागू पडतो असे नाही आणि त्याने आजारही बरा होत नाही, पण स्वतःच्या मनावर विश्वास उरलेला नसताना असा एक परका साक्षीदार बरा असतो. आता पोळ्या केंद्रातून येतात, भाजी मी टेबलाशी बसून चिरते, विळी माळ्यावर गेली आहे, आणि केस धुण्याच्या दिवशी घराबाहेर पडायचे नाही हा नियम आहे. आंघोळीला प्लॅस्टिकचे स्टूल घेतले तेव्हा मला म्हातारपण आल्यासारखे वाईट वाटले होते. आज कोणी ते स्टूल मागितले तर मी देणार नाही.

डोक्याच्या कामाला घड्याळ चालत नाही, तिथे माझी वेगळी खूण आहे. मी घरून मुद्रिते तपासते, दिवसाला पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका. 'आणि'ला पहिली वेलांटी की दुसरी, असा प्रश्न पडू लागला की पेन खाली ठेवायचे, बैठकीतली मिनिटे उरली असली तरी.

यातली सर्वांत अवघड गोष्ट विश्रांतीच ठरली. आपल्या भाषेत 'श्रमपरिहार' असा एक सुरेख शब्द आहे. लग्नकार्य पार पडले, संमेलन झाले, की राबलेल्या मंडळींसाठी श्रमपरिहाराचे जेवण असते. म्हणजे आधी श्रम आणि मग परिहार. विश्रांती ही कामाची मजुरी आहे, ती आधी मागणे म्हणजे लबाडी, हे माझ्या अंगात इतके मुरलेले होते, की दुपारी पडण्याआधी मी स्वतःला ती कमावण्यासाठी काहीतरी काम करायला लावत असे. मला मात्र दमण्याच्या आधी पडावे लागते. आषाढीसाठी माउलींची पालखी निघते तेव्हा विसाव्याच्या जागा ठरलेल्या असतात. तिथे पालखी टेकते ती कोणी दमले म्हणून नव्हे, विसाव्याची जागा आली म्हणून. पुण्यात दोन मुक्काम आणि दिवेघाटाच्या चढाचा लांबलचक टप्पा संपल्यावर सासवडला पुन्हा दोन, ही आखणी ज्यांनी कोणी केली त्यांना माझ्या आजारातले पुष्कळ कळले असते.

आणि पडणे म्हणजेच विश्रांती असेही नाही. पहिली दोन वर्षे मी अंथरुणात मोबाइल पाहत पडून राहिले आणि विश्रांतीने काही होत नाही अशी तक्रार करत राहिले. डोळ्यांवर कापड, कानात कापसाचे बोळे, दार लोटलेले आणि मनात यादी नाही, अशी वीस मिनिटे ही खरी विश्रांती. ती सुरुवातीला मला तुरुंगासारखी वाटली. मनातली यादी अजूनही पूर्ण जात नाही. गणपतीच्या आधी ढोल-ताशांची तालीम शेजारच्या मैदानावर सुरू झाली की कापसाचे बोळेही हरतात, आणि मग आम्ही सरळ दहा दिवस गावी जातो.

सारखे पडूनच राहावे असेही माझे म्हणणे नाही. पडून राहिल्याने हाडे-स्नायू अशक्त होतात ते वेगळेच, आणि भीतीने काहीच न करणे हाही एक खड्डा आहे. मी त्यातही एक हिवाळा काढला. त्या काळात मला जेवढे झेपत होते त्याच्याही निम्मे मी करत होते आणि दिवसभर नाडी मोजत बसत होते. पाणी असताना पिके वाळवणे हेही आप्पांच्या हिशेबात पापच. ज्यांना कूस बदलायलाही दुसरा माणूस लागतो, ज्यांना उजेड आणि आवाज दोन्ही सोसत नाहीत, असे रुग्णही या आजारात आहेत, आणि त्यांच्यासमोर मेळ वगैरे शब्द उच्चारताना मला संकोच वाटतो. माझ्या विहिरीला निदान झरा आहे.

आपल्याकडच्या बाईच्या थकव्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ अडीच हजार बायकांची पाहणी केली होती, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १२ टक्के बायका सहा महिन्यांहून जास्त काळ थकलेल्या होत्या, आणि गंमत म्हणजे त्या थकव्याचा रक्तातल्या हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. गरिबी, नवऱ्याकडून होणारी जबरदस्ती, घरात शब्दाला किंमत नसणे, मनाचे आजार यांच्याशी आढळला. तो थकवा म्हणजे माझा आजार नव्हे, दोन्हींत गल्लत करू नये. तरी मला ही पाहणी वारंवार आठवते, कारण लोहाच्या गोळीने न जाणाऱ्या थकव्याकडे पाहायची सवय नसलेल्या घरांतच माझ्यासारख्या बायकाही राहतात, आणि त्यांना पंधरा मिनिटांनी गजर वाजल्यावर साबणाचा डबा सोडून उठण्याची परवानगी कोण देणार? मी उठू शकते, कारण नवरा नोकरी करतो, स्वयंपाकाला एक मावशी येतात, आणि सासूबाईंनी तीन महिने वरणभात भरवताना जे पाहिले ते पाहिले. बायकांना पेसिंग शिकवणाऱ्यांनी घरातल्या इतरांना आधी समोर बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सासूबाईंचेच सांगते. पहिल्या वर्षी गौरी आल्या तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, रेटून ने." चौथ्या वर्षी मी सोळा भाज्यांच्या तयारीला हात घालताच त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि म्हणाल्या, "आज मोटार बंद." आप्पांची गोष्ट घरात अशी मुरली. आता मी फक्त गौरींना साडी नेसवते, खुर्चीत बसून, निऱ्या नणंद धरते. पुरण विकतचे असते, आणि आलेल्या बायकांपैकी एकीच्याही ते लक्षात आलेले नाही.

सगळे नियम पाळते असे मात्र नाही. गेल्या वर्षी भाचीचे लग्न होते. आधी तीन दिवस कोरे ठेवले, नंतर सात. मंगलाष्टकांपुरती जाणार, मागच्या रांगेत बसणार आणि जेवायच्या आत परत येणार, असे ठरले होते. पण भाचीने पाठवणीच्या वेळी गळ्यात हात टाकले आणि मी पाच तास थांबले, उभी राहिले, रडले, दोनदा फोटोसाठी मंचावर चढले. तिसऱ्या दिवशी सकाळी विहीर कोरडी. त्यातून उठायला सात दिवस पुरले नाहीत, एकवीस लागले. तरी मी तो हिशेब तोट्यात मांडलेला नाही. लग्नात मला कोणी फसवून मोटार चालू करायला लावली नव्हती. मी विहिरीत डोकावून पाहिले होते आणि जाणूनबुजून उपसली होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पडून असताना मला स्वतःचा राग आला नाही. असे वर्षातून एकदाच परवडते हेही मला ठाऊक आहे. डॉक्टरांना हे आवडले नाही, आणि त्यांचे म्हणणे योग्यच आहे.

दसऱ्याचे डबे मी चार दिवसांत संपवले. शेवटचा मोठा, तांदळाचा, नवऱ्याने घासला, आणि तो नीट वाळण्याआधीच तांदूळ भरले म्हणून आमचे भांडणही झाले. भांडणालाही पाणी लागते, तेव्हा ते मी लवकर आवरते घेतले.

आप्पा आता पंचाहत्तरीला आले आहेत आणि रोज संध्याकाळी सातला फोन करतात. पूर्वी ते "बरं हाय का?" विचारायचे आणि मी "हो" म्हणायचे, त्यात दोघांचेही समाधान नसायचे. आता ते विचारतात, "आज किती परस?" काल मी जरा थांबून म्हणाले, "दीडच आहे, आप्पा."

"मग ठेव फोन," ते म्हणाले, आणि मी ठेवायच्या आत त्यांनीच ठेवला.